आठव्या मजल्यावरचा राब

स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर मृग नक्षत्र लागल्याची बारीक नोंद असते. बहारीनमधल्या आमच्या उम्म अल हस्सम वस्तीत त्या दिवशी काहीच होत नाही. खाली पार्किंगमधल्या गाड्यांची स्टिअरिंगं हातात धरवत नाहीत, समोरचा हॉटेलवाला दुपारी शटर अर्धं ओढून घेतो, आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंडचा नळ सोडला तरी कढतच येतं. म्हणून आम्ही सगळे उन्हाळाभर गिझर बंद ठेवतो आणि घराच्या गारव्यात निवलेलं त्यातलं पाणी थंड म्हणून वापरतो. या हवेत काही उगवत नाही, असं इथे आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला जुना माणूस सांगतो. मलाही सांगितलं होतं. तरी मृग लागला की मी पलंगाखालून काळ्या तंबूची पिशवी ओढून काढते. या वर्षीही काढली आहे. लिफ्टमध्ये मातीची पोती पाहून शेजारीण या वर्षीही विचारून गेली, आणि मी या वर्षीही तिला खरं तेच सांगितलं.

तंबू म्हणजे कपड्यांच्या कपाटाएवढी चौकट. बाहेरून जाड काळं कापड, आतून चंदेरी मुलामा, पुढे चेन. वरच्या दांडीला एलईडी दिव्यांची पाटी टांगायची, कोपऱ्यात गरम हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा बसवायचा, खाली एक छोटा पंखा, एक टायमर आणि उष्णता नि दमटपणा दाखवणारं डबीएवढं यंत्र. हे सगळं मी जुफैरमधून देश सोडून निघालेल्या एका गोऱ्या बाईकडून जुनं घेतलं. ती त्यात लेट्यूस लावायची. पण हा तंबू जगात लेट्यूससाठी प्रसिद्ध नाही, हे ती देताना ज्या तऱ्हेनं हसली त्यावरून मला कळलं. घरी येऊन मी नेटवर घरातल्या लागवडीबद्दल शोधलं, आणि समोर आलं ते सगळं गांजाचं. दिवा किती उंचीवर ठेवायचा, मुळांना कसली माती मानवते, पंखा किती वेळ फिरवायचा, विजेचं बिल किती चढतं, माझ्या एकेका प्रश्नाचं उत्तर दूरदेशीच्या कुणातरी गांजावाल्यानं आधीच बैजवार लिहून ठेवलं होतं. इतक्या जिव्हाळ्यानं मला कुणी भातशेतीही शिकवली नव्हती, आणि माझा जन्म भातशेतीतला.

मला भात लावायचा होता. हौस म्हणून नव्हे.

तंबू घेतला त्या वर्षी मार्चमध्ये बाबांच्या वर्षश्राद्धाला मी संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते. पडवीत आढ्याला मुडी टांगलेली होती. बियाण्याचं भात पेंढ्यात घट्ट आवळून बांधतात, ती मुडी. उंदरांनी तिला खालून भोक पाडलं होतं. मी ती उतरवून सोडली तर तळाशी एक ओंजळ भात शिल्लक. आमचा तांबडा. दाण्याला लांब कुसळ, पेजेला गोड, पण उंच वाढून वाऱ्यात आडवा पडणारा, म्हणून गावानं कधीच टाकून दिलेला. बाबांखेरीज तो कुणी लावत नव्हतं आणि बाबा शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते. म्हणजे ही शेवटची ओंजळ, आणि तीही चौथ्या पावसाळ्याकडे निघालेली.

दादानं त्याच दिवशी जमिनीचा विषय काढला. मुंबईची पार्टी होती, बंगले बांधणार होती, दर बरा देत होती. माझी सही लागत होती. मी बहारीनला असल्यामुळे मुखत्यारपत्र इथल्या दूतावासातून साक्षांकित करून पाठवायचं, असं वकिलानं सांगितलेलं. कागद एका पारदर्शक फोल्डरमध्ये तयार होते. माझा भाऊ वाईट माणूस नाही, हे इथेच सांगून टाकते. त्याच्या गुडघ्यांत वंगण उरलं नाही, मुलगा पुण्यात आहे, गडी मिळत नाहीत. त्याचं सगळं बरोबर होतं. फक्त मला ते मान्य नव्हतं. मी ओंजळ पुढे केली. बियाणं आहे की, म्हटलं.

त्यानं दोन दाणे दाताखाली फोडले आणि थुंकून टाकले. म्हणाला, "मेलंय हे. भाताचं बी एवढं टिकत नाय. हे रुजून आलं तर जमीन नाय विकत, जा."

वहिनी हसली, दादाही हसला. मी हसले नाही. ओंजळ हळदीच्या रिकाम्या डब्यात भरली, फोल्डर बॅगेत टाकलं आणि विमानात बसले. गावात त्या वर्षी पेरणारं होतं कोण? दादा पेरणार नव्हता, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे दिलं असतं तर कोंबड्यांना गेलं असतं. म्हणजे रुजवायचं ते मीच, आणि माझ्याकडे जागा होती ती आठव्या मजल्यावरची, ईराच्या अभ्यासाच्या टेबलामागची.

ईरा माझी मुलगी, तेव्हा अकरावीत. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. तंबू उभा राहिला तेव्हा तिनं कानातले इअरबड काढले, सगळीकडून फिरून पाहिलं आणि म्हणाली, "आई, यू आर ग्रोइंग राइस इन अ वीड टेंट." हो, म्हटलं, तेच करते आहे.

गांजावाल्यांच्या त्या चर्चेच्या पानावर मी खातं उघडलं. तिथे कुणी रोपाचं नाव घेत नाही, सगळे 'टोमॅटो' म्हणतात. माझे टोमॅटो पिवळे पडले, माझ्या टोमॅटोला फुलोरा येत नाही. मी सरळ लिहिलं की मला भात लावायचा आहे, बी जुनं आहे, मदत करा. अर्ध्या तासात वीस जण हसून गेले. त्यांना वाटलं 'भात' हा नवा सांकेतिक शब्द आहे. एकानं तर विचारलं, तुमचा भात चढतो किती. मी अदलियातल्या एका छोट्या वास्तुविशारदांच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळते. कुठला नकाशा कितव्यांदा बदलला, कोणी मंजूर केला, सगळं नोंदवायचं. मला संयम आहे. मी पुन्हा लिहिलं, दाण्याचा फोटो टाकला. मग एकजण गंभीर झाला. थंड देशातला असावा, कारण सारखा हीटरबद्दल बोलायचा. त्यानं विचारलं, जुना वाण आहे का? मग तो दिवस मोजत नसेल, रात्र मोजत असेल. रात्र लांबली की त्याला फुलायचं कळतं. आमचंही रोप तसंच आहे.

हे मला माहीत नव्हतं. बाबांना माहीत असणार, पण ते असं बोलले नसते. ते म्हणायचे, तांबडा लवकर लावा की उशिरा, तो पसवायचा तेव्हाच पसवतो. पसवणं म्हणजे लोंबी बाहेर टाकणं.

पण बाकी सल्ले उलटे लागत होते. मुळं बुडवू नका, असं तिथे प्रत्येक जण बजावून सांगे. बादलीला खाली भोकं पाडा, पाणी निथळू द्या. मी भोकं बुजवत होते. काथ्याचा भुसा वापरा म्हणाले, म्हणून मी त्याच्या विटा विकत आणल्या. नारळाची सोडणं आमच्याकडे न्हाणीच्या चुलीत जातात. ती कुटून, दाबून, प्लास्टिकात गुंडाळून मी दिनार मोजून घरी आणली, आणि पाणी उभं करताच भुसा तरंगून वर आला. सगळी वीट बादलीत पोहायला लागली. मी एकटीच जमिनीवर बसून हसले. मग बुदैय्याच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीतून जड मातीची पोती आणली, त्यात थोडासाच भुसा मिसळला, रंगाच्या रिकाम्या बादल्यांत पाणी घालून दोन्ही हातांनी चिखल केला. नखांत माती घेऊन दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. 

इब्राहिमचाचा या सगळ्यात आले ते एसीच्या सर्व्हिसिंगला. इमारतीच्या एसींचं कंत्राट त्यांच्या कंपनीकडे. साठीला टेकलेले, राजापूरकडचे, तीसेक वर्षं इथेच. शिडीवर चढून जाळी काढता काढता त्यांनी खाली चिखल बघितला आणि उतरून आले. कसलं बियाणं, विचारलं. मी डबा उघडला. त्यांनी दाणा तळहातावर घेऊन कुसळावरून बोट फिरवलं आणि एसी तसाच उघडा ठेवून खाली बसले. मग म्हणाले, "बाय, राब भाजल्याबिगर पेरशील तर रोप धरायचं नाय."

राब म्हणजे काय ते कोकणाबाहेरच्यांना सांगायला हवं. रोपं करायची त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, डहाळ्यांची कवळं, गवत असे थर घालायचे आणि पेटवायचे. तण जळतं, किडी जळतात, राख मातीत मुरते. मग पाऊस पडला की तिथे बी फेकायचं. आता माझी माती पिशवीतली. कारखान्यात वाफवलेली. तिच्यात तणाचं बी औषधाला नव्हतं. राब भाजायची काडीचीही गरज नव्हती हे मला कळत होतं, चाचांनाही कळत होतं, ते यंत्रावरचे माणूस आहेत. तरी न भाजलेल्या मातीत पेरायचा विचार आम्हा दोघांच्याही हाताला पटेना. बाबांचं शेवटचं बी, आणि राब नाही? शंभर टक्के मूर्खपणा होता, आणि मी तो आनंदानं केला.

शनिवारी सकाळी चाचा आले. मी मनामाच्या बाजारातून गोवऱ्या आणल्या होत्या, होमहवनाला विकतात त्या. त्यांनी कुठून तरी खजुराच्या वाळक्या झावळ्या आणल्या. बाल्कनीत दोन मोठे पत्र्याचे ट्रे मांडले, त्यात मातीचा थर, वर शेण, वर झावळ्या, वर पुन्हा माती. चाचांनी बिस्मिल्ला म्हणून काडी लावली. मी मनात ग्रामदेवतेला नमस्कार केला. पहिली पाच मिनिटं वास असा सुटला की मला बाबांचा घामानं भिजलेला सदरा आठवला, आणि मी रडले. धुरानं रडले असं चाचांना वाटलं असेल. त्यांनीही डोळे पुसले.

मग वारा फिरला. उन्हाळ्यात इथे वायव्येकडून वारा सुटतो आणि तो कुणाचं ऐकत नाही. सगळा धूर घरात शिरला, घरातून जिन्यात गेला, आणि इमारतीचा अलार्म वाजायला लागला. आठही मजल्यांची माणसं, कुणी टॉवेलात, कुणी पोराला काखोटीला मारून, खाली पार्किंगमध्ये उतरली. आम्ही दोघं वर ट्रेवर पाणी ओतत होतो. माझा नवरा सुहास मूळचा पुण्याचा, बँकेत आहे. तो पायजम्यात दारात उभा राहून फक्त एवढंच म्हणाला, "शेण? अनू, शेण?"

संध्याकाळी मालकाचा माणूस आला. जासिम त्याचं नाव, पन्नाशीचा, स्वभावानं सभ्य. आमच्याशी हिंदीत बोलायचा. बरोबर इमारतीचा नातूर, म्हणजे राखणदार, रफीक. जासिमला धुराबद्दल बोलायचं होतं, पण बोलता बोलता त्याची नजर ईराच्या खोलीत गेली. काळा तंबू, त्यातून येणारी नळी, आत पेटलेला पांढरा दिवा. त्यानं चेन उघडली. आत चार बादल्या, त्यांत चिखल, आणि दुसरं काहीही नाही. रोप असतं तर दाखवलं असतं. बी त्या सकाळीच भिजत घातलेलं होतं, ओल्या फडक्यात. मी फडकं उघडून दाखवलं. ओले दाणे बघून त्याला काय कळणार? तो सौम्यपणे म्हणाला की मॅडम, अशा तंबूत लोक काय लावतात ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत आहे. एका आठवड्यात हे काढून टाका. नाहीतर मला पोलिसांना कळवावं लागेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही.

तो गेल्यावर सुहासनं दार लावलं आणि आवाज न चढवता बोलला. तो चिडला की आवाज उतरतो. इथे गांजाचा नुसता संशयही किती महागात पडतो ते त्यानं सांगितलं. उद्या कुणी तक्रार केली तर आधी व्हिसा जाईल आणि मग शहानिशा होईल. ईराचं बारावीचं वर्ष तोंडावर आहे. सगळं खरं होतं. या देशात आम्ही रहिवासाच्या कार्डावरच्या तारखेपुरते आहोत, हे मला दर दोन वर्षांनी कार्ड नवं करताना कळतंच. मी म्हटलं, तू म्हणतोस ते सगळं मान्य. पण मी चोरी करत नाही, मग लपू कशाला? माझ्या घरात मी भात लावते आहे. ज्याला भात ओळखता येत नाही त्यानं शिकावं.

"आणि तो उगवलाच नाही तर?" सुहासनं विचारलं.

"तर तंबूही काढते आणि दादाच्या कागदावर सहीही करते," मी म्हटलं. 

दुसऱ्या दिवशी मी खिडकीचा पडदा काढून टाकला. दिसू दे सगळ्या रस्त्याला. तंबूच्या दारावर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि इंग्रजीत 'भात' लिहून कागद चिकटवला. अरबी अक्षरं चाचांनी काढून दिली, सुरेख वळणाची. त्यांना मी म्हटलं होतं की तुमचं नाव यात येऊ देणार नाही, तुम्ही येऊ नका. ते म्हणाले, मफी मुश्किल, काही हरकत नाही, तीस वर्षांत मी इथे लोखंडाशिवाय काही हातात धरलं नाही. आणि येत राहिले.

तिसऱ्या दिवशी फडक्यात काही नव्हतं. चौथ्या दिवशी आंबूस वास यायला लागला. मी दोनदा पाणी बदललं. ऑफिसात एका नकाशावर चुकीचा शिक्का मारला. दादा मेलंय म्हणाला होता तेच खरं, असं जेवताना वाटलं. पाचव्या दिवशी सकाळी चहा ठेवून फडकं उघडलं तर एका दाण्याच्या टोकाला मोहरीएवढा पांढरा ठिपका. मग आणखी एक. संध्याकाळपर्यंत अकरा झाले. ओंजळीतले अकरा. मी ते बादलीत पसरलेल्या भाजलेल्या मातीवर ठेवले, एकेक, बोटानं दाबून.

आठवडा भरला त्या संध्याकाळी जासिम आला, रफीकला घेऊन. बादलीत बोटाच्या पेराएवढे अकरा हिरवे कोंब होते. जासिम वाकून बघत होता आणि त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की त्याला काही कळत नाही. त्या वयात गवत काय, गांजा काय, त्याच्यासाठी सारखंच. पोलिसांना फोटो पाठवतो म्हणून त्यानं मोबाइल काढला. आणि मागे उभा असलेला रफीक, जो आम्हाला नमस्कारापलीकडे कधी बोलला नव्हता, बादलीपाशी उकिडवा बसला. तो बांगलादेशातला, बारिसालकडचा. त्यानं कोंबाला हात लावला नाही, नुसता त्याच्या भोवती हात धरला आणि मागे न बघता म्हणाला, "साहब, ये धान है. मेरी माँ का खेत है ये."

जासिमनं त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मोबाइल खिशात घातला. मग त्यानं अट घातली की रफीक दर आठवड्याला येऊन बघेल आणि त्याला सांगेल. धूर पुन्हा नाही. जाताना दारातून वळून तो म्हणाला की आमच्या बोलीत भाताला ऐश म्हणतात, रोज खातो, झाड आज पाहिलं. रफीकची साप्ताहिक तपासणी अशी असायची की तो यायचा, बादलीसमोर बसायचा, पाणी किती उभं आहे ते बोटानं मोजायचा आणि निघून जायचा.

मी दादाला फोन केला. रुजलं, म्हटलं. तो म्हणाला, रुजायला काय, मटकीसुद्धा रुजते. लोंबी दाखव, मग बोल. पार्टी दिवाळीपर्यंत थांबली आहे. फोन ठेवताना वहिनीचा आवाज आला, काय पोरखेळ चाललाय म्हणून. वहिनी त्या हंगामानंतर आजतागायत माझा फोन घेत नाही. तिला दोष देत नाही. पण तिच्यासाठी सहीही करत नाही.

पाण्याची अडचण निघाली जुलैत. नळाचं पाणी इथे मचूळ, पानं पिवळी पडायला लागली. चाचांनी एसीची पाण्याची नळी बाल्कनीतून ओढून घरात बादलीत सोडली. ऑगस्टमधला इथला दमटपणा ज्यानं सोसला आहे त्याला सांगायला नको. सकाळी चष्मा बाहेर नेला की आंधळं व्हायला होतं. तो सगळा दमटपणा एसी गाळून बादलीत टाकायचा, थेंब थेंब, दिवसाला भरभरून बादल्या. चव नसलेलं, क्षार नसलेलं पाणी. आठ दिवसांत पानं हिरवी झाली. ज्या समुद्राला मी वीस वर्षं चिकट म्हणून शिव्या घातल्या, त्याचंच पाणी माझ्या भाताला चाललं होतं.

थंड देशातल्या त्या टोमॅटोवाल्यानं सांगितलं होतं, योग्य वेळी दिवा एकदम बारा तासांवर आणायचा, बारा तास काळोख, काळोखात चेनच्या फटीतूनसुद्धा उजेड जाता कामा नये. फटींवर मी काळी पट्टी चिकटवली. पण बारा तासांचं ऐकलं नाही. दर शुक्रवारी मी मोबाइलवर आमच्या गावचा सूर्योदय आणि सूर्यास्त बघायची आणि टायमर तेवढाच लावायची. आज दोन मिनिटं कमी, पुढच्या आठवड्यात तीन. ईराच्या खोलीत संगमेश्वरचा दिवस उगवायचा आणि मावळायचा, आणि खिडकीबाहेर मनामाचा आपला वेगळा चालू असायचा. अभ्यास करताना तंबूतला दिवा विझला की ईरा म्हणायची, "आई, इट्स सनसेट ॲट युअर प्लेस." माझं ठिकाण कुठलं, हे पोरीला कळलेलं होतं.

खर्चाचं सांगायचं राहिलं. ते प्रत्येक जण विचारतो, तांदूळ इथे इतका स्वस्त मिळतो म्हणून. पंखा, दिवा आणि रोपांसाठी दिवसरात्र सत्तावीसवर ठेवलेला एसी, यांनी बिल दीडपट केलं. मातीची पोती, लोहाची पावडर, टायमर बिघडला म्हणून दुसरा टायमर. सुहासनं कोष्टक केलं, बँकेतला माणूस. अखेरच्या रकान्यात एका दाण्याला काय पडेल ते काढायचं ठरवलं होतं त्यानं. मी तो रकाना पुसून टाकला. एका बाजूला अकरा रोपं आणि दुसऱ्या बाजूला बाबांच्या हयातभराचं भात, याचा भागाकार होत नाही. गांजावाले तरी विकून पैसे काढतात, असं सुहास म्हणाला. मी म्हटलं, म्हणूनच त्यांना लपावं लागतं.

सप्टेंबर सरताना रोपं माझ्या छातीला लागली. तंबूत मावेनात. आडवी पडायला लागली, तांबड्याची खोडच ती, मी साडीच्या काठांनी त्यांना दांड्यांना बांधलं. पण लोंबीचं नाव नाही. पंचवीस दिवस मी रोज पेरं चाचपून बघितली. रफीक नुसती मान हलवायचा. चाचा म्हणाले, थांब बाय, दसरा होऊ दे. दादाचा मेसेज यायचा, कागद कधी पाठवतेस. एकदा मी फोल्डर उघडून पेनही काढलं. नाव लिहायच्या जागेवर पेन टेकवलं, आणि परत झाकलं. पानं हिरवीगार होती. ज्याची पानं हिरवी आहेत त्याला मी मेलेलं म्हणणार नव्हते.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी सकाळी दिवा लागल्यावर मी चेन उघडली. एका खोडाचं पोट फुगलं होतं, आणि त्यातून कोवळी, फिकी लोंबी टीचभर बाहेर आलेली. दहा वाजता तिचे काही दाणे उघडले आणि बाहेर पांढुरके केसर लोंबकळायला लागले. तासाभरात मिटून गेले. छोटा पंखा तेवढ्यापुरता त्यांना हलवत होता. मी कुणाला बोलावलं नाही, नुसती बघत बसले. पुढच्या दहा दिवसांत अकरापैकी नऊ पसवली.

मग मी दादाला फोन लावला. व्हिडिओवर नाही, साधाच. सांगितलं, लोंब्या आल्या, नऊ रोपांना. आणि सही मी करणार नाही. तू म्हणाला होतास ते गमतीत असेल, मी गमतीत ऐकलं नव्हतं.

तो भडकला. भडकणारच. बोलला ते सगळं लिहीत नाही. लांब राहून जमीन राखायला काय जातं तुझं, चिखलात पाय कुणाचे, गुडघे कुणाचे, म्हातारपणी मला कोण बघणार, पार्टीला तोंड काय दाखवू. मी मधे अडवलं नाही. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी एवढंच म्हटलं की माझा वाटा विकत नाही, तुझ्यावर उपकार म्हणूनही नाही, आणि पुढच्या मृगाला मी सुट्टी काढून येते, चिखलात पाय माझे.

  

"पाणी अजून उभं आहे?" दादानं विचारलं.

आहे, म्हटलं.

"एक दाणा नखानं दाब. काय येतं?"

मी तंबूत हात घातला आणि खालच्या लोंबीतला एक दाणा दाबला. नखावर पांढरं दूध आलं. सांगितलं.

"मग राहू दे पाणी. दाणा घट्ट झाला की काढ. आणि पहिल्या लोंब्या खायला घेऊ नको, त्या बियाण्याच्या." मग त्यानं विचारलं, "कुसळ आलंय? बाबांच्यासारखं?"

आलंय, म्हटलं. इतकं लांब.

त्याच वेळी मागून वहिनीचा आवाज आला, की सहीचं काय म्हणतात त्या, विचारा आधी. दादानं फोन तोंडापासून दूर धरला असावा, पण मला नीट ऐकू आलं.

"थांब गो जरा," तो तिला म्हणाला. "भात पसवलंय."